बटणाएवढी भोकं

६ फेब्रुवारी, शुक्रवार

राजाला कॅन्सर आहे. आतड्याचा. मोठं आतडं जिथे संपायला येतं तिथे वरच्या अंगाला गाठ आहे, असं नळी घालून बघणाऱ्या डॉक्टरने सांगितलं. एकदा लिहून टाकलं म्हणजे सुटले. सकाळपासून डोक्यात नुसता बॉयलर चालू आहे.

ही डायरी साबणाचा व्यापारी दरवर्षी देतो आणि दरवर्षी मी ती कुणालातरी देऊन टाकते. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला काय लिहायचं असतं. पण आज बोलायला माणूस नाही. ज्याच्याशी बोलायचं तोच वरच्या खोलीत तोंडावर पांघरूण ओढून पडलाय.

राजा म्हणजे माझा धाकटा भाऊ. साठीला आला. हे काही त्याचं खरं नाव नाही. लहानपणी गुडघा खरचटला तरी असा चेहरा करायचा की जसा काही सिंहासनावरून पडला, म्हणून राजा. बायको गेल्यापासून माझ्याकडेच राहतो, लाँड्रीच्या वरच्या खोल्यांत. तो काउंटर सांभाळतो, मी आतलं बघते. धुलाई, पिळणी, प्रेस, हॉटेलांच्या चादरी.

आमच्या लाँड्रीत एक पद्धत आहे. जो कुरकुर करेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. वाफेत काम करायचं म्हटलं की प्रत्येकाचं काहीतरी दुखतंच, सगळेच सांगत बसले तर चादरींना घड्या कोण घालणार. पद्धत मीच पाडली. परिणाम एवढाच की चहा कायम राजा करतो. आमच्या प्रेसवाल्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो हँगरला अडकवलेल्या शर्टासारखा दिसतो. तो तर सकाळी आल्या आल्या विचारतो, राजाभाऊ, आज काय दुखतंय, मला तलफ आलीये.

रक्त पडतंय म्हणाला त्या दिवशीसुद्धा चहा झाला. मला वाटलं मूळव्याध. शेवटी भाचीने, म्हणजे त्याच्या मुलीने, ऑफिसातून रजा काढून त्याला तपासायला नेलं.

आता भाची फोनवर रडतेय. मी म्हटलं, रडून गाठ विरघळत असेल तर मलाही बोलव, मिळून रडू. ठेवला तिने फोन.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. आधी वाटलं ही मदतनीस असेल, डॉक्टर मागून येईल. एवढीशी पोरगी. तिनेच खुर्ची ओढली आणि कागदावर आतड्याचं चित्र काढायला लागली.

आणि मग भलतंच काहीतरी सांगितलं. म्हणे ऑपरेशन यंत्राने करणार. रोबो. त्याला चार हात. ते हात राजाच्या पोटात जाणार, आणि या बाई खोलीच्या एका कोपऱ्यात डबड्यात डोकं खुपसून बसणार. राजाला हात लावणारसुद्धा नाहीत.

मी म्हटलं, हाताने जमत नाही का तुम्हाला. भाचीने मला टेबलाखालून चिमटा काढला. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, जमतं की मावशी. पण तिथे खाली जागा फार अरुंद असते, यंत्राचं मनगट माझ्यापेक्षा जास्त वळतं. ते स्वतःच्या मनाने काही करत नाही. मी बोट हलवलं तर त्याचं हलतं.

मी विचारलं लाईट गेली तर. म्हणाल्या बॅटरी आहे. म्हटलं यंत्रच बिघडलं तर. म्हणाल्या, मग उठते आणि हाताने करते, हात कुठे गहाण टाकलेत मी.

ही मला आवडली. पण बोलली नाही तसं.

भोकं किती मोठी पाडणार विचारलं. त्यांनी स्वतःच्या कोटाच्या बटणावर बोट ठेवलं. एवढी. आणि गाठ बाहेर काढायला खाली एक छोटा छेद. मी त्या बटणाकडेच बघत राहिले. कॅन्सरसारखा कॅन्सर, आणि बटणाएवढ्या भोकातून. माझ्या ओळखीच्या बाईचं पित्ताशय काढलं होतं तेव्हा तिला आडवं चिरलं होतं, महिनाभर वाकून चालत होती. त्या मानाने हे काहीच नाही.

त्या पुढे बरंच सांगत होत्या. बाहेरून लहान दिसलं तरी आतलं काम मोठंच आहे, वीतभर आतडं जाणार, मग दोन टोकं परत जोडणार, तो जोड नीट धरेपर्यंत जपायचं, वगैरे. भाची लिहून घेत होती. डॉक्टर लोकांना काळजीचं सांगावंच लागतं, त्याशिवाय त्यांच्याकडे कोण जाईल.

राजाने एकच विचारलं. दुखेल का? मी सगळ्यांदेखत कपाळावर हात मारला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

झालं ऑपरेशन. सकाळी नेलं ते दुपार कलल्यावर बाहेर आणलं. मी बाकावर बसून पायमोजे उसवले आणि पुन्हा शिवले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, टोपीचा वळ कपाळावर. गाठ पूर्ण निघाली म्हणाल्या. तपासायला पाठवलीये, अहवाल यायला वेळ लागेल.

मला राजाला बघू दिलं. नर्सने चादर सरकवली. (चादरीला निळीचा डाग होता, मी सांगितलं तिला.) पोटावर छोट्या छोट्या पट्ट्या, जशा मुलं खरचटल्यावर लावतात. खाली एक जरा मोठी. संपलं. मी नर्सला विचारलं, बाकीचं कुठाय. म्हणाली बाकीचं म्हणजे? मी म्हटलं, काही नाही.

धक्काच बसला, खरं सांगायचं तर. एवढा घोर लावला जिवाला, आणि हे एवढंच.

१८ फेब्रुवारी, बुधवार

राजा चालला! माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काल पोटात यंत्र फिरलं आणि आज हा पॅसेजमधून सलाइनचा दांडा ढकलत चालतोय, मिरवणुकीतल्या नवऱ्यासारखा. खांदा दुखतो म्हणाला, तर नर्स म्हणाली पोटात गॅस भरलेला असतो ऑपरेशनच्या वेळी, त्याने दुखतो, जाईल. ऐकलंस? म्हटलं मी त्याला. गॅस.

तिथून लाँड्रीत आले आणि सगळ्यांना सांगितलं. पैलवानाला, गिऱ्हाइकांना, समोरच्या चाव्या करणाऱ्याला. बटणाएवढी भोकं. आणि एकदासुद्धा कण्हला नाही, आता चहाच्या पाळीचा विषयच नाही. राजाच्या कानावर घातलं की सगळे तुझं नाव काढतायत. हसला. खूप दिवसांनी असा हसताना पाहिला.

२२ फेब्रुवारी, रविवार

घरी आणलं. निघताना नर्सने दारातच गाठलं. ताप आला, पोट फुगलं, उलटी झाली, दुखणं वाढलं, श्वास जोरात चालायला लागला, तर लगेच फोन करा, वाट बघू नका. मी मान डोलावली. गाडी थांबली होती.

भाची म्हणत होती बाबांना माझ्याकडे नेते. मी म्हटलं, तुझं ऑफिस, तुझा तिसरा मजला, आणि हा काय आता आजारी आहे का. इथे माणसांत राहील. तिने थर्मामीटर आणून दिलं, मी ते मसाल्याच्या डब्यात ठेवलं म्हणजे हरवणार नाही.

राजा जिना चढून गेला, मधे एकदा थांबला. वर जाऊन बसला तो बसूनच राहिला. आडवा हो म्हटलं तर म्हणाला बसलेलंच बरं वाटतंय.

जेवायला थोडंच घेतलं. एरवी भाजीत मीठ कमी म्हणून तोंड वाकडं करणारा माणूस. आज म्हणाला छान झालंय. आणि उचकी लागली. म्हटलं कोणीतरी आठवण काढतंय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज त्याला काउंटरवर बसवला. काम नाही करायचं, नुसतं बसायचं. वर एकटा भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं. गिऱ्हाइकं येऊन विचारपूस करून गेली. प्रत्येकाला मी सांगितलं, कॅन्सर काढला, आणि बघा, आठवडा झाला नाही तर परत काउंटरवर. पैलवान म्हणाला, राजाभाऊ, आज चहा नाही का? राजा म्हणाला, आज काही दुखत नाही रे. सगळे हसले.

मला इतकं बरं वाटलं. आयुष्यभर या माणसाला सांगत आले, की दुखणं बोलून दाखवलं की दुप्पट होतं. यंत्राने कॅन्सर तर काढलाच, त्याच्यासोबत रडगाणंही काढलं. डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं.

अंगावर शाल घेऊन बसला होता. प्रेसच्या इतक्या जवळ शाल. पण म्हटलं असू दे, अशक्तपणा असतो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

राजाच्या तोंडावर तेज आलंय. गाल कसे लाल झालेत, डोळे चमकतायत. हॉस्पिटलात पांढराफटक दिसत होता. पैलवानसुद्धा म्हणाला, रंग आलाय.

भाचीचा फोन. बाबांचा ताप बघितला का. मी म्हटलं थांब, आणि तिथेच त्याच्या कपाळाला हात लावला. आत्ताच प्रेसवरून चादर उतरवली होती. मला तर गारच लागला. ताप नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली आत्या, थर्मामीटरने बघ. म्हटलं तू जन्मायच्या आधीपासून मी ताप बघतेय. राजाला विचारलं, काय रे, कसं वाटतंय. म्हणाला, बरंय. फोनवर ऐकवलं तिला. बरंय म्हणतोय बघ.

संध्याकाळी येऊ का म्हणाली. कशाला, म्हटलं.

राजा जेवला नाही. पोट जड वाटतंय म्हणाला. लगेच पुढे म्हणाला, म्हणजे तसं काही नाही. टेबलाखाली हात पोटावर धरून बसला होता. उचकी चालूच आहे, त्या उचकीचाच कंटाळा आलाय मला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

परत आत घेतलंय. ऑपरेशनला. हॉस्पिटलच्या बाकावर लिहितेय.

सकाळी तो गिऱ्हाइकाचे शर्ट मोजत होता. मोजून झाले की पुन्हा पहिल्यापासून. मी आतून ओरडले, अरे पाच शर्ट आहेत, किती वेळ. तो माझ्याकडे बघून म्हणाला, आई कुठे गेली? आमची आई जाऊन किती वर्षं झाली. मला वाटलं चेष्टा करतोय. मग तो तसाच शर्टांवर पडला. श्वास असा चालला होता जसं कुत्रं उन्हात धापतं. ओठ राखेसारखे.

पैलवानाने उचलला. त्या काडीने.

इथे आल्यावर कोणी काही विचारत बसलं नाही, नुसते धावले. नर्सने काखेत काहीतरी लावलं आणि मोठ्याने आकडा सांगितला. एकशे तीनच्या वर. मी म्हटलं कालपर्यंत नव्हता. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

आतला जोड सुटलाय. घाण पोटात पसरलीये. यावेळी रोबो नाही म्हणाल्या डॉक्टरीणबाई. चालता चालताच म्हणाल्या.

भाची समोर बसलीये. बोलत नाही माझ्याशी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आयसीयू. नाकातोंडात नळ्या. श्वास मशीन घेतंय.

पोट पाहिलं. छातीच्या खालून सुरू होतं ते पार खालपर्यंत. पिना मारल्यात, एकीखाली एक. बाजूला पिशवी लावलीये, त्यात शौच येणार. नर्सने स्टूल दिलं.

आणि बसल्या बसल्या मनात आलं की हां, हे ऑपरेशन. हे दिसतंय ऑपरेशनसारखं. मग माझीच मला शिसारी आली. आतलं काम तर दोन्ही वेळचं तेवढंच. पहिल्या वेळीही वीतभर आतडं काढलं होतं. डॉक्टरीणबाई ते सांगत होत्या तेव्हा मी बटण बघत होते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. भाचीला नाही, मलाच.

म्हणाल्या, मावशी, जोड सुटणं आमच्याकडे होतं. कितीही नीट शिवलं, यंत्राने शिवलं, हाताने शिवलं, तरी काही जणांचं होतं. ते तुमच्यामुळे झालं नाही, हे आधी ऐकून घ्या. मग विचारलं, घरी काही बोलले नाहीत का ते?

"नाही. बरंय म्हणत होता."

"ताप?"

"मी हात लावून बघितला. नव्हता."

त्यांनी माझा हात हातात घेतला. उलटा केला. तळव्यावर अंगठ्याने दाबून पाहिलं, मग नख लावून पाहिलं. काय काम करता विचारलं. म्हटलं लाँड्री आहे, प्रेस.

"मावशी," त्या म्हणाल्या, "या हाताला ताप कळणार नाही."

मी हात काढून घेतला. वर तोंड करून विचारलं, लवकर आणलं असतं तर? खोटं बोलता येत नाही त्यांना, म्हणूनच आवडल्या होत्या. म्हणाल्या, दोन दिवस आधी कळलं असतं तर इतकं टोकाला गेलं नसतं. आता वाट बघू.

घरी येऊन गार पाणी आणि कोमट पाणी दोन वाट्यांत घेतलं. डोळे मिटून हात घातला. फरक कळला. मग म्हटलं कोमटापेक्षा जरा जास्त करू. तिथे कळेना. कढत झालं तेव्हा कळलं.

मी या हातांनी राजाच्या मुलीला वाढवलं. तिचे ताप बघितले. तेव्हा प्रेसवर नसायचे मी, तेव्हा आमचे वडील होते प्रेसवर. हे आज लक्षात येतंय.

२ मार्च, सोमवार

श्वासाचं मशीन काढलं. डोळे उघडले. भाचीला ओळखलं. मला ओळखलं की नाही माहीत नाही, डोळे मिटून घेतले.

५ मार्च, गुरुवार

आज बोलला. आवाज खरवडल्यासारखा, पण शब्द स्पष्ट. भाची खाली औषधं आणायला गेली होती.

नर्स मला सांगून गेली होती, की यांनी आज सांगितलं, घरी गेले त्या दिवसापासूनच पोटात कोणीतरी मूठ पिळतंय असं दुखत होतं. त्या दिवसापासून. म्हणजे छान झालंय म्हणाला ती भाजी, आणि गिऱ्हाइकं हसली तो सोमवार, सगळं त्यात.

मी त्याच्याजवळ वाकले. म्हटलं, राजा, अरे आयुष्यभर नखाला लागलं तरी गाव गोळा करतोस. आणि मरायला टेकलास तेव्हा तोंड शिवलंस? का बोलला नाहीस?

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं झोपला.

मग म्हणाला, "तू सगळ्यांना सांगत होतीस. हा एकदाही कण्हला नाही म्हणून. पहिल्यांदाच सांगत होतीस ताई, माझ्याबद्दल चांगलं. मला ते मोडवेना."

मी स्टुलावर बसले होते. भाची औषधं घेऊन वर आली तेव्हा उठले.

६ मार्च, शुक्रवार

काही लिहायचं नाही.

९ मार्च, सोमवार

अहवाल आला. गाठीच्या कडा साफ आहेत. आजूबाजूच्या ग्रंथी तपासल्या, त्यांतही काही नाही. आता नुसतं दर काही महिन्यांनी तपासत राहायचं. रोबोने काम चोख केलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवीही पुढे काढता येईल, आतडं परत जोडून, तब्येत सावरली की.

भाचीने डॉक्टरीणबाईंचे हात धरले आणि रडली. नर्स हसत होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. कॅन्सर गेला. कॅन्सरने त्याला काही केलं नाही. ज्याने केलं ते तिथेच स्टुलावर बसलं होतं, हातात पाण्याची बाटली घेऊन.

मी घरी सगळी तयारी केली आहे. वरचा जिना नको म्हणून खालची गोदामाची खोली रिकामी केली. पैलवानाला घेऊन पलंग उतरवला. पिशवी बदलायची कशी तेही नर्सकडून शिकले, माझ्यासमोर तिने दोनदा करून घेतलं. हे सगळं त्याला सांगितलं. खिडकी कुठल्या बाजूला आहे तेही सांगितलं.

तो म्हणाला, "ताई, मी पोरीकडे जातो."

मी म्हटलं तिचा तिसरा मजला आहे. म्हणाला, चढेन हळूहळू. म्हटलं ती ऑफिसला जाते. म्हणाला, रजा घेतेय. म्हटलं अरे पलंग उतरवलाय मी, गोदाम रिकामं केलंय.

"तुझ्याकडे मला आजारी पडता येत नाही, ताई."

कुरकुरत म्हणाला असता तर मी उडवून लावलं असतं. चिडून म्हणाला असता तर भांडले असते, भांडण येतं मला. तो साध्या आवाजात म्हणाला. गिऱ्हाइकाला सांगावं की कपडे आज तयार नाहीत, तसं.

मी म्हटलं बरं.

१२ मार्च, गुरुवार

सकाळी सगळ्यांना बोलावून सांगितलं की चहाची ती पद्धत आजपासून बंद. ज्याला प्यायचा त्याने करून प्यावा, ज्याचं दुखतंय त्याने मला येऊन सांगावं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मालकिणीचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असणार.

दुपारी पैलवान आत आला. दाराशी घुटमळला. म्हटलं बोल. म्हणाला, मावशी, मला उजव्या कानाने ऐकू येत नाही.

म्हटलं कधीपासून. म्हणाला, चार वर्षं झाली असतील.

चार वर्षं मी या माणसाच्या अंगावर ओरडतेय, तुला ऐकू येत नाही का म्हणून. आणि तो म्हणायचा, येतं की मावशी.

मी विचार करत होते की बाकीच्यांचं काय काय आहे, जे मी ऐकलेलं नाही. धुलाईवाली बाई जिना चढताना कठडा धरते, ते काय आहे. मी आजवर म्हणत आले की माझ्या लाँड्रीत सगळे ठणठणीत असतात. लोकांना सांगायचे.

पैलवानाला उद्या कानाच्या डॉक्टरकडे पाठवतेय. तो नको म्हणत होता, काही नाही म्हणे, सवय झालीये. मी म्हटलं, गप्प बस. मग म्हटलं, म्हणजे गप्प बसू नकोस.

१५ मार्च, रविवार

भाचीकडे गेले. राजाचे कपडे धुऊन, प्रेस करून नेले होते, बहाणा लागतो. जिना चढताना मी तीनदा थांबले. हा पोटावर पिना घेऊन हे कसं चढला असेल.

भाचीने दार उघडलं. आत ये म्हणाली नाही आणि येऊ नको असंही म्हणाली नाही, दारातून बाजूला झाली. कपड्यांचा गठ्ठा घेतला. स्वयंपाकघरातून म्हणाली, बाबा जागे आहेत.

राजा उशांना टेकून बसला होता. बारीक झालाय, मनगटाचं हाड वर आलंय. पण रंग त्याचा स्वतःचा होता. तो लाल नव्हता. मी कपाळाला हात लावायला गेले आणि मधेच थांबवला. पलंगाजवळ थर्मामीटर होतं, तिकडे बघितलं. तो म्हणाला, घेतलाय ताप सकाळी, नाही.

खुर्ची ओढून बसले. लाँड्रीचं सांगितलं, पैलवानाच्या कानाचं सांगितलं. तो हसला, मग हसताना पोट धरलं आणि चेहरा कसनुसा झाला. मी लगेच म्हणणार होते, काही होत नाही रे. तोंडातून निघायच्या बेतात होतं. दातांखाली धरलं.

तो माझ्याकडेच बघत होता. म्हणाला, "किती वेळ आहेस?"

"तू म्हणशील तोवर."

"बघ हं. लांबण आहे."

म्हटलं, सांग.

तर त्याने सुरुवात केली. अगदी पहिल्यापासून, रक्त पहिल्यांदा दिसलं तिथून. मग यंत्राच्या खोलीत नेलं तेव्हा किती थंडी होती, आणि ते चार हात प्लास्टिक गुंडाळून वर टांगलेले बघून त्याला वाटलं होतं की कोणाला तरी हाक मारावी, पण कोणाला. मग घरी आल्यावरचं. पहिल्या रात्री पोटात कसं होत होतं, बसलं की कसं, वाकलं की कसं, उचकी आली की टाक्यांना कशी ओढ बसायची. सोमवारी गिऱ्हाइकं हसत होती तेव्हा काउंटरखाली त्याने कुठला खिळा धरून ठेवला होता. एकेक गोष्ट तो दोनदोनदा सांगत होता. मी मधे बोलले नाही. नुसतं बसून ऐकायचं, याच्याइतकं सोपं काम नाही, आणि माझ्या पाठीला घाम फुटला होता. प्रेससमोर फुटत नाही इतका.

भाची एकदा दारात येऊन उभी राहिली. मग तीही तिथेच खाली बसली.

मंगळवारच्या फोनपर्यंत आला आणि सांगता सांगता त्याचा डोळा लागला. भाचीने मला खुणेने विचारलं, निघायचं का. मी नाही अशी मान हलवली. अजून बुधवार राहिला होता. जाग आली की सांगेल.